सहकाऱ्याला विचारताना: लैंगिक छळाचा कायदा आणि कंपनीचा नियम

कार्यालयातली एखादी व्यक्ती आवडू लागली आणि तिला बाहेर भेटण्याविषयी विचारावे असे वाटू लागले, की मनातल्या दोन शंका एकमेकींत मिसळतात. ‘विचारले तर माझ्याविरुद्ध तक्रार होईल का?’ ही पहिली शंका आणि ‘तिकडून होकार आला, तर नोकरीत काही अडचण येईल का?’ ही दुसरी. पहिलीचे उत्तर संसदेने केलेल्या कायद्यात आहे. दुसरीचे उत्तर त्या त्या कंपनीच्या आचारसंहितेत, म्हणजे रुजू होताना ज्यांवर सह्या घेतल्या जातात आणि जे बहुतेक जण वाचत नाहीत अशा कागदांत आहे. या दोन गोष्टी एकच समजल्याने काही जण साध्या विचारण्यालाही गुन्हा मानून घाबरतात, तर काही जण ‘दोघांची संमती आहे, मग इतरांचा संबंध काय?’ असे म्हणून निर्धास्त होतात. दुसऱ्या समजुतीने अधिक नुकसान होते असे मला वाटते, कारण तिचे परिणाम पुष्कळदा त्या दोघांपैकी दुर्बळ बाजूला भोगावे लागतात.

आधी कायद्याचे पाहू. राजस्थानात सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवींनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. काम करत असताना स्त्रीवर ओढवणाऱ्या अशा प्रसंगांविरुद्ध संरक्षण कोण देणार, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा खटल्याचा निकाल आला. त्यातल्या मार्गदर्शक तत्त्वांवर पुढची सोळा वर्षे काम चालले. त्यानंतर महिलांचे कामाच्या ठिकाणी लैंगिक छळापासून संरक्षण (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम, २०१३ हा कायदा आला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. कार्यालयांत त्यालाच ‘पॉश’ (प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हरॅसमेंट) म्हणतात. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की या कायद्याचा विषय प्रेम नाही. स्त्रीला निर्भयपणे काम करता यावे, हा त्याचा विषय आहे.

कायद्याच्या व्याख्येत शारीरिक स्पर्श व लगट, लैंगिक स्वरूपाची मागणी किंवा विनंती, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील साहित्य दाखवणे आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही शारीरिक, शाब्दिक वा अशाब्दिक वर्तन येते. या सगळ्यांना एक अट समान आहे: ते वर्तन समोरच्या स्त्रीला नकोसे असले पाहिजे. करणाऱ्याचा हेतू चांगला होता, हा बचाव येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण कसोटी तिच्या दृष्टीतून लावली जाते. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ॲपॅरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आणि हाताखालच्या महिला कर्मचाऱ्याशी गैरवर्तन करणाऱ्या अधिकाऱ्याची बडतर्फी कायम ठेवली.

मग ‘शनिवारी कॉफीला येशील का?’ असे एकदा, सभ्यपणे आणि नकाराला मोकळी जागा ठेवून विचारणे या व्याख्येत बसते का? समान पदावरच्या दोन व्यक्तींमध्ये एवढेच घडले असेल, तर साधारणपणे बसत नाही. त्यात लैंगिक मागणी नसते, धमकी नसते आणि नकार येईपर्यंत ते नकोसे आहे हे विचारणाऱ्याला कळण्याचा मार्गही नसतो. कायद्याच्या दृष्टीने खरा प्रश्न नकारानंतर सुरू होतो. पुन्हा विचारणे, मध्यस्थ पाठवणे, रात्री अकराला ‘जेवलीस का?’ असे मेसेज टाकणे, तिच्या सुटण्याच्या वेळी गेटवर थांबणे, या कृती वेगवेगळ्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात. पण एकत्र आल्या की तिचे कामावर येणे अवघड करतात. याच्याही पुढे फौजदारी कायदा आहे. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवूनही वैयक्तिक जवळीक साधण्यासाठी तिचा पाठलाग करणे आणि तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

येथे आपल्याकडच्या बोलण्याच्या रीतीचा विचार केलाच पाहिजे. रोज ज्याच्या शेजारी बसायचे, त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणे पुष्कळ मुलींना जड जाते. ‘बघू’, ‘या आठवड्यात जरा गडबड आहे’, ‘घरी पाहुणे यायचेत’ अशी उत्तरे येतात, किंवा विषयच बदलला जातो. विचारणाऱ्याने हे नकार म्हणूनच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. ज्याला यायचे असते तो दुसरा दिवस सुचवतो. कार्यालयाबाहेर विचारले म्हणून कायदा लागू होत नाही, हाही गैरसमज आहे. कामानिमित्त गेलेले ठिकाण आणि कंपनीने दिलेले वाहन ही दोन्ही कायद्यानुसार कामाचीच जागा आहे, त्यामुळे हिंजवडीहून रात्री सुटणारी कंपनीची कॅबही त्यात येते.

आता कंपनीचा नियम. दोन सज्ञान सहकाऱ्यांनी परस्परसंमतीने नाते जोडण्याला भारतात कोणताही कायदा मनाई करत नाही. तरीही अनेक मोठ्या कंपन्यांच्या आचारसंहितेत असे नाते जुळल्यास एचआरला, म्हणजे मनुष्यबळ विभागाला, कळवावे, किंवा वरिष्ठ आणि त्याच्या थेट हाताखालची व्यक्ती यांच्यात ते असूच नये, अशी तरतूद असते. तिचा उद्देश छळ रोखण्यापेक्षा वेगळा आहे. जो माणूस तुमचे अप्रेझल (कामाचे मूल्यमापन) लिहितो, रजा मंजूर करतो आणि परदेशी प्रकल्पासाठी नाव सुचवतो, तोच तुमचा जोडीदार असेल, तर त्याच्या निर्णयावर टीममधल्या इतरांनी विश्वास का ठेवावा, असा हा प्रश्न आहे. येथे ज्याचे नुकसान होते, तो तिसराच कोणी असू शकतो: ज्याची बढती हुकली आणि ती गुणांवर हुकली की नात्यामुळे, हे ज्याला कधीच कळणार नाही असा सहकारी.

संमती असूनही पद जाते, याची उदाहरणे जगजाहीर आहेत. मॅकडोनाल्ड्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह इस्टरब्रुक यांना एका कर्मचाऱ्याशी असलेल्या संबंधांमुळे दूर केले, तेव्हा ते संबंध परस्परसंमतीचे होते असे कंपनीनेच सांगितले होते. त्यांची इतर प्रकरणे नंतर पुढे आली. सप्टेंबर २०२५ मध्ये नेस्लेने आपले मुख्य कार्यकारी अधिकारी लॉरेंट फ्रेक्स यांना पदावरून काढले. थेट हाताखालच्या व्यक्तीशी असलेले नाते त्यांनी कंपनीला कळवले नव्हते आणि तो आचारसंहितेचा भंग ठरला. दोन्ही वेळी कंपनीने दिलेले कारण छळाचे नव्हते, नियमभंगाचे होते.

कायदा आणि नियम एकमेकांना भिडतात ते पदाच्या उतरंडीपाशी. कायद्याच्या कलम ३ मध्ये नोकरीत झुकते माप देण्याचे उघड किंवा सूचक आश्वासन, नुकसान करण्याची उघड किंवा सूचक धमकी आणि नोकरीच्या आजच्या किंवा पुढच्या स्थितीविषयीची तशीच धमकी यांचा उल्लेख आहे. टीम लीडने प्रोबेशनवरच्या मुलीला जेवायला बोलावले आणि पुढच्या महिन्यात तिचे कायम होणे त्याच्याच सहीवर अवलंबून असले, तर धमकीचा एक शब्दही न उच्चारता तशी भीती तेथे हजर असते. अशा वेळी ती ‘हो’ म्हणाली तरी ते कशासाठी म्हणाली, हे त्या टीम लीडला खात्रीने कळू शकत नाही. म्हणून हाताखालच्या व्यक्तीला विचारूच नये, असे मी म्हणेन. भावना खरी असेल तर आधी आपल्यापैकी एकाचा विभाग बदलून घ्यावा, आणि तोही वरिष्ठाने स्वतःचा. नाते कळवल्यावर बदली होते ती बहुधा कनिष्ठाची, आणि कनिष्ठ ही पुष्कळदा स्त्री असते. नियम पाळला गेला तरी तिच्यावर अन्याय होतो आणि एचआरने त्याची दखल घ्यायला हवी.

नाते तुटल्यावर काय होते, याचा विचार सुरुवातीला कोणी करत नाही. वर्षभर जे फक्त कंपनीला कळवण्याचे प्रकरण होते, ते तुटल्यानंतरच्या आर्जवांनी, टोमण्यांनी किंवा जुने फोटो इतरांना दाखवण्याने कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. पूर्वीची संमती पुढच्या वर्तनाला लागू होत नाही.

दाद मागण्याची दारेही वेगळी आहेत. नियमभंगाचा विषय एचआरकडे जातो. छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते; दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असणे बंधनकारक आहे, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला कर्मचारी असते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. या कायद्याखाली तक्रार फक्त स्त्री करू शकते, मात्र ज्याच्याविरुद्ध ती करायची ती व्यक्ती स्त्रीही असू शकते, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. पुरुष कर्मचाऱ्याला त्रास होत असेल, तर त्याला कंपनीच्या आचारसंहितेचा आधार घ्यावा लागतो.

जिला विचारले गेले आणि नको आहे, तिने एकदा तरी लेखी, अगदी दोन ओळींच्या मेसेजमध्ये, नकार कळवून तो जपून ठेवावा. तसे केले नसेल तरी तक्रारीचा हक्क जात नाही. घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी आणि नावे गुप्त राहावीत अशी तरतूद आहे. केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानात, दवाखान्यात किंवा कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीसाठी, तसेच मालकाविरुद्धच तक्रार असलेल्या स्त्रीसाठी, प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि त्या समितीविषयी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारता येते.