टीईटीचे ते ३० मार्क

परवा संध्याकाळी एक मॅडम घरी आल्या, झेडपीच्या शाळेत बावीस वर्षं झाली त्यांना, पर्समधनं चार घड्या घातलेला सराव पेपर काढला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "सर, ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच की ओ? मी तेच लिवलं तर उत्तर चूक दाखवलंय." मी म्हटलं आधी पाणी घ्या, मग बोलू.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायलाच पाहिजे, तेव्हापासनं आमच्या सोलापुरात घराघरात गाईड उघडलेत. मी बरीच वर्षं डी.एड.ला मानसशास्त्र शिकवलंय म्हणून ओळखीचे लोक येतात. पेपर १५० मार्कांचा, अडीच तास, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० मार्क, आरक्षित प्रवर्गाला ५५ टक्के, आणि पेपर एक घ्या नाहीतर दोन, त्यातले ३० मार्क बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला. भाषा आणि गणित लोक कसंबसं काढतात, या तीसला मात्र घाबरतात. माझं म्हणणं उलटं आहे, वर्गात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ३० मार्क सगळ्यात जवळचे आहेत, फक्त गाईडातलं नाव आणि वर्गातलं पोरगं यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते.

गाईडात काय असतं? शिकण्यावर प्रयोग करणारे आणि त्यांचे प्राणी, पॅव्हलॉव्ह–कुत्रा, थॉर्नडाईक–मांजर, स्किनर–उंदीर, कोहलर–चिंपांझी. हे पाठ करा, एक-दोन मार्क मिळतील, त्याच्यावर जास्त वेळ घालवू नका. (पॅव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामाला, अभिसंधानाला, म्हणजे घंटा ऐकून कुत्र्याला लाळ सुटायच्या त्या प्रयोगांना नाही, एवढं लक्षात ठेवा, तिथं बरेच जण फसतात.) खरे मार्क प्रसंगावरच्या प्रश्नांत जातात, म्हणजे "एक शिक्षक असं करतो, तर हे कशाचं उदाहरण?" आणि खाली चार पर्याय, त्यातले दोन अगदी सारखे वाटणारे.

तर ऋण प्रबलन. सगळा घोळ 'ऋण' या शब्दानं केलाय, ऋण म्हटलं की आपल्याला काहीतरी वाईट, कडू असं वाटतं. पण इथं ऋण म्हणजे फक्त वजा. काहीतरी काढून घेतलं, एवढंच. आणि प्रबलन म्हणजे वागणं वाढणं, बळकट होणं. म्हणून त्या मॅडमना मी सांगितलं की पेपरात प्रसंग आला की फक्त दोन प्रश्न विचारा, पहिला, ते वागणं पुढं वाढलं की कमी झालं? वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा, इथं चांगलं-वाईट बघायचंच नाही. दुसरा, काही दिलं की काही काढून घेतलं? दिलं तर धन, काढलं तर ऋण. मे महिन्यात आपण ओढणी नाहीतर टॉवेल डोक्याला गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही, का, तर गुंडाळलं की चटका कमी होतो, चटका गेला म्हणून गुंडाळायची सवय पक्की झाली, हे झालं ऋण प्रबलन. यात शिक्षा कुठंय? आणि पोरानं दंगा केला म्हणून त्याची खेळायची सुट्टी काढून घेतली आणि दंगा कमी झाला, तर ती ऋण शिक्षा. काढून घेणं दोन्हीकडं आहे, पण एकीकडं वागणं वाढलं, दुसरीकडं कमी झालं.

मॅडम म्हणाल्या, आता कळलं, पण वर्गातलं सांगा. मी म्हटलं तुम्हीच सांगा. तर त्यांनी एका पोराचं सांगितलं, तिसरीतला, वाचनाचा तास आला की पोटात दुखतंय म्हणतो, त्या त्याला व्हरांड्यात बसवतात नाहीतर घरी पाठवतात, पाच मिनिटात पोरगं बरं. घरच्यांनी डॉक्टरला दाखवलंय, काही निघालं नाही. आता बघा, पोट दुखतंय म्हटलं की समोरचं पुस्तक जातं, म्हणजे त्याला नको असलेली गोष्ट निघून जाते, म्हणून पोटदुखी वाढते. पण गंमत इथंच संपत नाही, पोराची कुरकुर थांबली की मॅडमचाही त्रास जातो, म्हणून त्याला बाहेर बसवायची मॅडमची सवयही तशीच पक्की होते. दोघंही एकमेकांना ऋण प्रबलन देतायत आणि दोघांच्याही मनात काही वाईट नाही. मॅडम जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मीच शिकवायलीय की त्याला." मी म्हटलं, असं मनाला लावून घेऊ नका, आपण सगळेच हे करतो, घरात पोरगं रडायलंय म्हणून मोबाईल देतो ते काय वेगळं असतं?

शिक्षेचा विषय निघालाच तर बॅन्ड्युरा या मानसशास्त्रज्ञाचं एक सांगतोच, कारण गाईडात फक्त 'बोबो डॉल १९६१' एवढंच असतं. मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना बघितलेल्या पोरांनी तसंच मारलं, हे सगळ्यांना माहितीय. पण १९६५ ला त्यानं पुढचा प्रयोग केला तो जास्त मोलाचा आहे. मारणाऱ्या माणसाला ओरडा बसताना ज्या पोरांनी बघितलं त्यांनी नक्कल कमी केली. मग सगळ्या पोरांना सांगितलं की जेवढं आठवतंय तेवढं करून दाखव, बक्षीस देतो, तर त्या पोरांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळी होती, दाखवत नव्हती. शिकणं वेगळं आणि करून दाखवणं वेगळं, हा फरक पेपरात विचारला जातो. आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम १७ नं छडी बंद केली त्यामागचं एक कारण मला यातच दिसतं, छडीनं दंगा दबतो पण मारायचं कसं ते पोरगं बघून ठेवतं.

आता पियाजे आणि व्हायगॉट्स्की, मुलांचा विचार कसा वाढतो ते अभ्यासणारे दोन मानसशास्त्रज्ञ. दोघंही १८९६ चे. पियाजे ८४ वर्षं जगला, व्हायगॉट्स्की १९३४ ला टीबीनं गेला, वय फक्त ३७. पियाजे तरुणपणी पॅरिसला मुलांच्या बुद्धिचाचण्यांचं काम करत होता, त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांचंच जास्त नवल वाटायला लागलं, कारण एकाच वयाची पोरं एकाच पद्धतीनं चुकत होती. माझ्या मते शिक्षकानं पियाजेकडनं घ्यायची ही पहिली गोष्ट, विचाराच्या वाढीच्या त्या चार अवस्था नंतर. अवस्था पाठ कराच, संवेदक-कारक दोन वर्षांपर्यंत, पूर्वसंक्रियात्मक दोन ते सात, मूर्त संक्रियात्मक सात ते अकरा, औपचारिक त्याच्या पुढं. पण ही वयं साधारण आहेत, दगडावरची रेघ नाही.

घरी एक करून बघा, मी माझ्या पाच वर्षांच्या नातवावर केलं. पाटावर शेंगदाण्यांच्या दोन ओळी मांडल्या, सहा-सहा, समोरासमोर. विचारलं, कुठल्या ओळीत जास्त? म्हणाला सारखेच. मग त्याच्यासमोरच खालची ओळ पसरून लांब केली आणि परत विचारलं. यानं लांब ओळीवर बोट ठेवलं, "हितं जास्त." मोज म्हटलं तर दोन्हीकडं सहा मोजले आणि तरी म्हणाला हितंच जास्त. याला अक्षय्यतेची संकल्पना अजून आली नाही म्हणतात, म्हणजे आकार किंवा मांडणी बदलली तरी संख्या, वजन, पाणी तेवढंच राहतं हे समजणं. एका वेळी एकाच गोष्टीकडं लक्ष जाणं हे पूर्वसंक्रियात्मक अवस्थेचं लक्षण.

इथवर गाईडातही असतं. पण पुढं १९७४ ला मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी एक साधा बदल केला. ओळ प्रयोग करणाऱ्यानं पसरवायच्या ऐवजी एक खोडकर अस्वलाचं खेळणं येतं आणि वस्तू विस्कटून टाकतं. तर आता बरीच जास्त पोरं म्हणाली, सारखेच आहेत. असं का झालं? मोठा माणूस मुद्दाम काहीतरी हलवतो आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो म्हणजे पहिलं उत्तर चुकलं असणार, असं पोराला वाटत असावं. अस्वलानं विस्कटलं तर तसं वाटत नाही. आपल्याही वर्गात हे रोज होतं, पोरगं बरोबर सांगतं, आपण "नक्की का?" म्हणतो आणि ते लगेच उत्तर बदलतं. तिथं पोराची अक्कल कमी पडत नाही, ते फक्त आपल्या चेहऱ्याकडं बघत असतं.

दुसऱ्या दिवशी मी नातवाच्या कापडी माकडाच्या हातानं ओळ विस्कटली. तो हसला आणि म्हणाला, "तेवढेच हायत, माकडानं खाल्ले नाहीत."

व्हायगॉट्स्कीचं निकट विकासाचं क्षेत्र, झेडपीडी, हे झेडपीच्या शिक्षकांना नावामुळं तरी लक्षात राहतं. पोराला एकट्याला जमतं ते एक आणि कुणी जाणत्यानं हात दिल्यावर जमतं ते एक, या दोन्हीच्या मधली जागा. सायकल शिकवताना सीट धरून पळतो आपण आणि मग हळूच हात सोडतो, तशी ती मदत. या मदतीला स्कॅफोल्डिंग म्हणतात, बांधकामाची परांची जशी. पण लक्षात ठेवा, हा शब्द व्हायगॉट्स्कीचा नाही, तो १९७६ ला वूड, ब्रूनर आणि रॉस यांनी आणला. कल्पना त्याच्याशी जुळते म्हणून त्याच्या नावावर खपते.

व्हायगॉट्स्कीचं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मात्र दुसरंच, पोरं स्वतःशी बोलतात ते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी पाठ बघायला जायचो, तिथं बरीच पोरं घरी तेलुगू बोलणारी. एक मुलगी वहीवर बेरीज करत होती, हातच्याची. तोंडानं पुटपुटत होती, "ओकटि, रेंडु, मूडु..." आणि मध्येच मराठीत "हातचा एक", परत तेलुगू. गणित सोपं आलं की गप्प, हातचा आला की ओठ हलायला लागायचे. पाठ घेणारी विद्यार्थिनी तिला म्हणाली, बडबड करू नको, मनात कर. मुलीनं तोंड मिटलं आणि पुढचं गणित चुकलं.

पियाजे याला आत्मकेंद्री भाषा म्हणायचा, त्याच्या मते पोराला दुसऱ्याची नजर कळत नाही म्हणून ते असं बोलतं आणि मोठं झालं की ते आपोआप जातं. व्हायगॉट्स्की म्हणाला तसं नाही, हे बोलणं म्हणजे विचार करायचं हत्यार आहे, काम अवघड झालं की वाढतं आणि पुढं ते जात नाही, आत जातं, त्याचीच आंतरिक भाषा होते. हातच्याला ओठ हलतात ते यामुळंच. व्हायगॉट्स्कीची ही टीका पियाजेनं वाचली ती व्हायगॉट्स्की गेल्यावर कितीतरी वर्षांनी, १९६२ ला उत्तर लिहिलं आणि या मुद्द्यावर बरंचसं मान्यही केलं. म्हणून पेपरात "मूल काम करताना स्वतःशी बोलते" असं आलं की आधी बघा प्रश्न कुणाच्या मताचा विचारलाय. आणि वर्गात, त्या मुलीला कृपा करून बोलू द्या, तेलुगूत, कन्नडात, ज्यात तिचा विचार चालतो त्यात.

अभ्यास कसा करायचा हे पण मानसशास्त्रच. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानं १८८५ ला स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वक्र काढला, अर्थ नसलेले शब्द पाठ करायचे आणि काही वेळानं परत पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजायचं. एका दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश मेहनत वाचत होती, पण त्यानंतर घसरण मंद होते. म्हणून आज वाचलेलं उद्या एकदा बघा, मग चार दिवसांनी, मग दहा.

आणि बघा म्हणजे वाचा नाही. रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ ला विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींना तो परत वाचायला सांगितला, काहींना पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे ५६ टक्के आणि वाचणारे ४२. नोकरी, घर, स्वयंपाक बघून रात्री दहाला गाईड उघडणाऱ्या माणसाकडं वेळ थोडाच असतो, तो पिवळ्या पेनानं रेघा मारण्यात घालवू नका. जुन्या कॅलेंडरचं मागचं कोरं पान घ्या, गाईड मिटा आणि पियाजेच्या अवस्था लिहून काढा. अडलात तर बरंच आहे, त्या अडण्यानंच ते पक्कं होतं.

त्या मॅडम दोन आठवड्यांनी परत आल्या. पोटदुखीवाल्याचं काय केलं विचारलं. म्हणाल्या, बाहेर पाठवायचं बंद केलं, वाचन दोन ओळींवर आणलं आणि शेजारच्या पोरीबरोबर जोडीनं वाचायला लावलं. पहिले तीन दिवस तो जास्तच विव्हळला, शेजारच्या वर्गातले सर बघायला आले इतका. मॅडमना वाटलं आपलं चुकलं. मी सांगितलं, आधी मिळत होतं ते बंद झालं की वागणं हळूहळू कमी होतं, याला विलोपन म्हणतात, पण कमी व्हायच्या आधी ते एकदा उसळतं, लोक नेमके त्याच वेळी हार मानतात आणि मग पोरगं शिकतं की अजून जोरात ओरडायचं. "मग मी सोडलं नाही ते बरं झालं की," म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्यानं दोन ओळी वाचल्या, 'क्ष'ला अडखळला, शेजारणीनं सांगितलं. पोट अजून अधूनमधून दुखतं.

मग त्यांनी कॅलेंडरचं पान काढलं, मागं त्यांच्याच अक्षरात चार चौकोन, धन-ऋण, वाढलं-कमी झालं, आणि ऋण प्रबलनाच्या चौकोनात त्या पोराचं नाव.