कॅटलान ताट: जुनं काय, नवं काय

बार्सिलोनाच्या ला रांब्ला या रस्त्यावर पाऊल ठेवलं की पाएया (भाताचा पदार्थ) आणि सांग्रिया (फळं घातलेली वाइन) यांच्या रंगीत पाट्या पाहुण्याला गाठतात. पाएया मूळची खालच्या अंगाच्या व्हॅलेन्सियाची, आणि सांग्रियावरही कॅटलोनियाचा, म्हणजे बार्सिलोना ज्याची राजधानी त्या स्पेनच्या ईशान्य प्रांताचा, खास हक्क नाही. इथलं म्हणून जे खावं ते दिसायला बरंच साधं असतं. गंमत अशी की त्यातलं बरंचसं 'पारंपरिक' जेमतेम दीडशे वर्षांचं आहे.

'पा आंब तुमाकेत'च घ्या. पावाच्या कापावर पिकलेला टोमॅटो चोळायचा, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ. चकत्या ठेवायच्या नाहीत, चोळायचाच. पावाला रंग आणि ओल यायला हवी, बस. शिळा पाव मऊ करायची ही घरगुती युक्ती आज कॅटलान माणसाच्या अभिमानाचा विषय झाली आहे. पण टोमॅटो आला अमेरिकेतून, आणि या पदार्थाचा पहिला ज्ञात लेखी उल्लेख थेट १८८४ सालचा, पोम्पेउ जेनेर या लेखकाचा.

मग खरोखर जुनं काय? त्यासाठी १३२४ सालच्या 'सेंत सोवी' या पाककृतींच्या पुस्तकाकडे जावं लागतं. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही, भाषा मात्र कॅटलान. युरोपातल्या सर्वात जुन्या पाकग्रंथांत त्याची गणना होते. पुढे १५२० साली बार्सिलोनात मेस्त्रे रॉबर्ट या आचाऱ्याचं पुस्तक छापलं गेलं. दोन्हींत टोमॅटो नाही, बटाटा नाही, मिरची नाही. कांदा मंद आचेवर परतणं आहे, बदाम कुटून रस्सा दाट करणं आहे. याच दोन सवयी आज 'सुफ्रेजित' आणि 'पिकादा' म्हणून कॅटलान स्वयंपाकघरात नांदतात. पिकादा म्हणजे बदाम किंवा हेझलनट, लसूण, तळलेला पाव, केशर, क्वचित चॉकलेटचा तुकडा, असं सगळं खलबत्त्यात कुटून शेवटी रश्श्यात सोडायचं. कोंबडी आणि लॉब्स्टर एकाच भांड्यात शिजवणारा 'मार इ मुंतान्या', म्हणजे समुद्र आणि डोंगर, या वाटणामुळेच एकजीव होतो. माझ्या मते पाहुण्याने आधी हाच रस्सा मागवावा. मांसाहार न करणाऱ्यांनी 'एस्कालिवादा' मागावा: निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, सोलून तेलात. मात्र वर अँकोव्ही मासा नको, हे आठवणीनं सांगावं.

पेयांची गोष्ट एका कीटकानं फिरवली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरानं आधी फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. फ्रेंच वाइन आटली, तशी कॅटलान वाइनला सोन्याचा भाव आला. हे सुख फार टिकलं नाही. १८७९ साली कीड फ्रान्सच्या सीमेलगतच्या एम्पोर्दात उतरली आणि १८८७ च्या सुमारास बार्सिलोनाजवळच्या पेनेदेस या द्राक्षांच्या पट्ट्यात पोहोचली. इलाज एकच होता, ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम. (नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर द्राक्ष बांधतात. तिथे कारण क्षार आणि पाणीटंचाईचं, पण तोही खुंट मूळचा अमेरिकेचाच.)

नव्याने लावायचंच होतं, तर पेनेदेसनं काळ्या द्राक्षांऐवजी माकाबेउ, शारेल्लो, पारेयादा ही पांढरी वाणं धरली. याला कारण होतं. सांत सादुर्नी द'अनोया गावात जुझेप रावेन्तोस यांनी १८७२ साली फ्रेंच शॅम्पेनच्या पद्धतीनं, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, फसफसणारी वाइन केली होती. तिला शॅम्पेन म्हणायला फ्रेंचांची हरकत, म्हणून विसाव्या शतकात 'कावा', म्हणजे तळघर, हे नाव पक्कं झालं. वर्मुथ, म्हणजे वनौषधी घातलेली वाइन, हाही त्याच एकोणिसाव्या शतकातला. रेउस शहर त्यासाठी प्रसिद्ध, आणि रविवारी जेवणाआधी तो घेणं हा इथला रिवाज.

राहिला 'काल्सोत', म्हणजे आगीवर भाजून खायचा लांब दांड्याचा कांदा. तारागोनाजवळच्या व्हाल्स गावात शात दे बेनाय्जेस नावाच्या शेतकऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कांद्याचे कोंब आगीवर भाजले, ते जळाले, त्यानं वरची काळी साल काढली आणि आतला भाग गोड लागला, असं सांगतात. पांढरा कांदा एकदा काढून पुन्हा लावायचा आणि कोंब वाढतील तशी मातीची भर देत जायचं, म्हणजे लांब पांढरा दांडा तयार होतो. भाजायला द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्या, कारण त्यांची ज्वाळा मोठी. भाजल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून मऊ होऊ द्यायचे आणि कौलावर वाढायचे. गळ्यात लाळेरं बांधायचं, साल ओढून दांडा बदाम-टोमॅटोच्या सॉसमध्ये बुडवायचा, मान मागे टाकून वरून तोंडात सोडायचा. आपल्या हुरडा पार्टीसारखंच, हात काळे झाल्याशिवाय मजा नाही. व्हाल्सचा मोठा उत्सव जानेवारीच्या शेवटच्या रविवारी असतो. उन्हाळ्यात जाणाऱ्याला काल्सोत मिळणार नाही.