फाईल शंभर वर्षांची, सॉफ्टवेअर दहा वर्षांचं

१०८६ साली इंग्लंडच्या राजाने राज्यातल्या जमिनी, नांगर, गिरण्या असं सगळं मोजून एक मोठं दफ्तर लिहून घेतलं. त्याला डोम्सडे बुक म्हणतात, चामड्यावर लिहिलेलं आहे आणि लॅटिन येत असेल तर आजही वाचता येतं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने त्याच धर्तीवर नवा डिजिटल डोम्सडे काढला, शाळेतल्या पोरांनी लिहिलेली माहिती, फोटो, नकाशे, सगळं लेझर डिस्कवर. पंधरा-सोळा वर्षांतच अशी गत झाली की ती डिस्क चालवणारं यंत्र शोधत फिरायची वेळ आली, शेवटी संशोधकांनी त्या जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा कुठे ते उघडलं. म्हणजे डेटा गेला नव्हता बरं का, तो वाचणारा गेला होता.

सरकारी खात्यात डॉक्युमेंट सिस्टिम आणायची म्हटलं की चर्चा लगेच स्कॅनर किती घ्यायचे आणि स्क्रीन कशी दिसेल यावर जाते. पण जन्माची नोंद माणूस जिवंत आहे तोवर लागते, त्याच्या वारसांना त्यानंतरही लागते, जमिनीचा कागद तर पिढ्यानपिढ्या लागतो. सॉफ्टवेअरचं आयुष्य धरा दहा वर्षं, फार तर पंधरा. म्हणजे एकाच कागदाला त्याच्या आयुष्यात सात-आठ वेळा तरी घर बदलावं लागणार, हे पहिल्याच दिवशी माहीत असतं आणि तरी त्याचा खर्च टेंडरमध्ये सहसा कुणी धरत नाही. माझ्या मते सिस्टिम घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा की यातून बाहेर कसं पडायचं.

बाहेर पडणं म्हणजे फाईली कॉपी करणं नव्हे. बऱ्याच सिस्टिममध्ये फाईलचं नाव म्हणजे नुसता एक लांबलचक नंबर असतो आणि ती कोणत्या प्रकरणातली, कुणी केली, कधी मंजूर झाली, आधीची आवृत्ती कुठली, ही सगळी माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये असते, याला मेटाडेटा म्हणतात. फक्त फाईली उचलून आणल्या तर हातात लाखो बिननावाच्या पीडीएफ येतात, त्या असून नसल्यासारख्याच.

आता फॉरमॅट. २००५ मध्ये पीडीएफ/ए नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं, खास जपून ठेवायच्या कागदांसाठी. यात लागणारे फॉन्ट फाईलच्या पोटातच ठेवावे लागतात, पासवर्डचं कुलूप चालत नाही, आत प्रोग्राम लपवता येत नाही, म्हणजे फाईलने उघडण्यासाठी बाहेरच्या कशावरच अवलंबून राहायचं नाही. फॉन्टचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, युनिकोडच्या आधी टाईप केलेलं पत्र तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडून बघा, इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते नुसती.

पण मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो पुराव्याचा भाग. वीस वर्षांनी कोर्टात कुणी विचारलं की ही फाईल तीच कशावरून, तर काय दाखवणार? यासाठी फाईलचा गणिती ठसा काढून ठेवतात, चेकसम किंवा हॅश. फाईलमधला एक बिट, म्हणजे डेटाचा सगळ्यात छोटा कण, जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. डिस्कवरचे बिट कधीकधी आपोआपही बिघडतात, ते पण यातूनच कळतं, अर्थात ठसे नियमित ताडून बघितले तरच. गंमत म्हणजे ठशाची पद्धतही म्हातारी होते. शा-१ नावाची पद्धत एकेकाळी सर्रास वापरात होती, २०१७ मध्ये गुगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी एकच शा-१ ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या, संपला विषय. डिजिटल सहीचं पण तसंच, तिच्या सर्टिफिकेटला मुदत असते. म्हणून जुनी पद्धत कमकुवत व्हायच्या आत तिच्यावर नव्या पद्धतीचा तारखेसकट शिक्का मारायचा, पुढे त्याच्यावर आणखी नवा, असं थरावर थर चढवत जायचं. एकदा उशीर झाला की मागची साखळी तुटली, नंतर कितीही मजबूत शिक्का मारा, मधल्या काळात कुणी हात लावला नाही हे सिद्ध होत नाही.

मीडियाचं, म्हणजे डेटा ज्यावर साठवतात त्या टेप-डिस्कचं, थोडक्यात सांगतो. एलटीओ नावाची डेटा साठवायची चुंबकीय टेप नीट ठेवली तर तीसेक वर्षं टिकते म्हणतात, पण ती वाचणारा आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त सातव्या आणि आठव्या पिढीची टेप वाचतो, त्याआधीची नाही. टेप ठणठणीत आणि ड्राइव्ह भंगारात, परत डोम्सडेचीच गोष्ट.

आणि बॅकअप! सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचारी आपल्या कामाच्या फाईली ज्या जी-ड्राइव्हवर ठेवायचे तोच जळाला, सुमारे ८५८ टेराबाइट. साठा फार मोठा म्हणून बाहेर बॅकअपच नव्हता. कोरियासारख्या देशात हे होतं, तर बाकीच्यांनी जरा आपल्याकडे बघावं. साठा एवढा का फुगतो हेही बघायला हवं, कारण काय कधी काढून टाकायचं हे ठरलेलं नसतं. कागदाच्या रेकॉर्ड रूममध्ये निदान जागा संपते म्हणून कुणीतरी छाननी करतं, सर्व्हरवर चहाच्या वेळापत्रकाच्या चौदा कॉप्या आणि मूळ मंजुरी आदेश शेजारी शेजारी पडून राहतात आणि दोघांवर सारखाच खर्च होतो.

म्हणून प्लॅनमध्ये मी एक साधं काम नक्की टाकेन. वर्षातून एकदा बॅकअपमधून कुठल्याही शंभर फाईली काढायच्या, त्या सिस्टिमशी काही संबंध नसलेल्या मशीनवर उघडायच्या, ठसा ताडायचा, ती फाईल कुणाची आणि कशाबद्दल हे कळतंय का बघायचं. हे काम कमिटीकडे नको, एका पदावर टाकायचं, त्या खुर्चीत माणूस कुणीही येवो. आणि शंभरातल्या किती उघडल्या नाहीत तो आकडा पुढच्या बजेटच्या कागदाला जोडायचा.