जुनं दुखणं : माहिती कुठली घ्यावी, आधार कुठला धरावा

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याला वैद्यक ‘दीर्घकालीन वेदना’ म्हणतं. एवढ्या काळात बहुतेक दुखापती भरून आलेल्या असतात. त्यानंतरही ठणका थांबत नसेल, तर मज्जारज्जू आणि मेंदूतल्या चेतापेशी जास्त संवेदनशील झालेल्या असू शकतात. मग साध्या स्पर्शानेही कळ उठते. दुखणं पूर्ण खरं असतं, पण किती दुखतंय यावरून आत किती बिघाड आहे हे ठरत नाही.

एमआरआयचा अहवाल वाचतानाही हे ध्यानात ठेवावं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे ‘झीज’ हा शब्द दिसला की दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. नोंद दिवसातून दोनदाच करा : दुखणं ० ते १० मध्ये किती, झोप किती तास, काय केलं, कोणती गोळी किती वाजता घेतली. तासातासाला लिहिणं टाळा, त्याने सगळं लक्ष दुखण्यावरच खिळतं. आकड्यापेक्षा वर्णन जास्त कामाचं. जळजळ, विजेसारखी चमक, मुंग्या, बधिरपणा ही लक्षणं चेतातंतूंकडे बोट दाखवतात. अशा दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सहसा फारशा चालत नाहीत, तिथे औषधांचा गटच वेगळा असतो. म्हणूनच कोणतीही माहिती वाचताना पहिला प्रश्न विचारायचा : ही कोणत्या प्रकारच्या दुखण्याबद्दल आहे? एकच उपाय सगळ्या दुखण्यांवर सांगितलेला असेल, तर तो बाजूला ठेवलेला बरा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कामाच्या बाबतीत. बरं वाटलं की राहिलेली सगळी कामं एका दमात उरकायची आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचं. या चक्रात ताकद घटत जाते. त्यापेक्षा घड्याळ लावा. समजा बसल्यावर दुखणं वाढायला तीन दिवशी २०, १४ आणि १७ मिनिटं लागली. सरासरी १७. तिच्या ऐंशी टक्के, म्हणजे साधारण १३ मिनिटांनी उठायचं. दुखत नसलं तरी उठायचं, हेच सगळ्यात अवघड जातं. कळ येईपर्यंत थांबलात तर सूत्रं पुन्हा दुखण्याच्याच हाती जातात. आठवडा नीट गेला तर एक मिनिट वाढवा. दुखणं उसळलं तर शून्यावर न येता वेळ निम्मी करा आणि काही दिवसांत हळूहळू पूर्ववत आणा.

‘हे मनाचे खेळ आहेत’ असं ऐकून घेतलेल्यांना एक गोष्ट माहीत असायला हवी. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली, तेव्हा ‘दुखतंय’ या माणसाच्या सांगण्याचा मान राखावा, असं त्यात स्पष्ट नोंदवलं. समदुःखींच्या गटात हा मान सहज मिळतो, म्हणून असा गट जरूर शोधा. फक्त तिथून परतल्यावर मन हलकं होतंय की जड, ते पाहा. कोणाचं दुखणं मोठं याचीच चढाओढ चालत असेल तर गट बदला. ‘गोळ्या आजच बंद कर’ असा सल्ला मिळाला तर तो मानू नका. चेतातंतूंच्या दुखण्यावर दिली जाणारी प्रीगाबालिन, गाबापेंटिन किंवा मॉर्फीनसारखी अफूवर्गीय औषधं अचानक तोडल्यास त्रास उलटतो, पहिल्या दोन्हींच्या बाबतीत झटकेही येऊ शकतात. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

घरच्यांना ‘समजून घ्या’ म्हणण्यापेक्षा नेमकं काम सांगा : जड पिशवी उचला, १३ मिनिटांनी मला हाक मारा.

आणि कंबरदुखीत लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद अचानक गेली, तर वही मिटून त्याच क्षणी रुग्णालय गाठा. दुखण्याबरोबर ताप असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तर ते अंगावर काढू नका, लगेच तपासून घ्या.