पाळी जाण्याच्या वयात: आमच्या ग्राहक ताई-काकूंसाठी

डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या आसपास घुटमळत असतो, घरातले सगळे दोन-दोन पांघरुणांत गुरफटलेले असतात, आणि रात्री अडीचला तुम्ही एकट्याच पांघरूण फेकून उठून बसता. चेहरा, मान, छाती तापलेली, गाऊन घामाने ओला. याच त्या वाफा, डॉक्टरांच्या भाषेत हॉट फ्लॅशेस. दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग थंडी वाजायला लागते. हेच मे महिन्यात झालं की आपण उन्हाळ्यावर ढकलतो. नागपुरात ढकलायला उन्हाळा भक्कम आहे! म्हणून पुष्कळ जणींना आपली पाळी जायची वेळ आली हे थंडी पडल्यावरच उमगतं.

महालातलं हे छोटं दुकान आम्ही दोघी जावा चालवतो. जवस, तीळ, नाचणीचं पीठ, लाडू, घाण्याचं तेल, थोडी चूर्णं. आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी आवाज खाली करून विचारतं, "ताई, त्या वाफांवर काही आहे का?" आजवर आम्ही जवसाच्या लाडवांचं पाकीट पुढे करत आलो. जुन्या पाकिटावर 'रजोनिवृत्तीच्या त्रासावर गुणकारी' असं छापलंही होतं. नव्या पाकिटावरून ती ओळ काढली आहे. का काढली, ते पुढे येईलच.

पाळी गेली असं कधी म्हणायचं?

सलग 12 महिने पाळी आली नाही की. आपल्याकडे हे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास होतं, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. त्याच्या आधीची काही वर्षं पाळी लहरीप्रमाणे चालते. कधी वीस दिवसांत, कधी तीन महिन्यांनी, कधी नुसता डाग, कधी धो-धो. वाफा, तुटक झोप, चिडचिड, धडधड, विसरभोळेपणा यांची सुरुवात बहुधा याच काळात होते. आणि हो, या काळात दिवस राहू शकतात. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर लाडू-काढे करत बसू नका, तपासणी करून घ्या.

पिशवी काढलेल्या ताईंसाठी एक वेगळी गोष्ट. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घरात असेल तर शोधा आणि बीजकोषही (ओव्हरी) काढले होते का ते कुणाकडून तरी वाचून घ्या. तेही काढले असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि त्रास जास्त जोरात होतो. नुसती पिशवी काढली असेल तर पाळी बंद, पण बीजकोषांचं काम पुढे चालू राहतं आणि वाफा काही वर्षांनी सुरू होऊ शकतात. "माझं तर केव्हाच संपलं, आता हे काय नवीन?" असं म्हणणाऱ्या बहुतेक जणी यातल्याच असतात.

वाफा का येतात?

मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा एक भाग आहे. फ्रिजच्या थर्मोस्टॅटसारखा समजा. इस्ट्रोजेन, म्हणजे बीजकोषांतून येणारं हार्मोन, कमी झालं की तो फार हळवा होतो. अंग जरासं तापलं तरी त्याला वाटतं भट्टी पेटली, आणि तो कातडीकडे रक्त सोडून घाम काढायला लावतो. तुमच्या रक्तात 'उष्णता वाढली' वगैरे काही नसतं. हे किती दिवस चालेल? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या बायकांना त्या सात वर्षांहून जास्त काळ येत राहिल्या. तेव्हा 'सहन कर, सहा महिन्यांत जाईल' हा घरोघरचा सल्ला पुष्कळ जणींना लागू पडत नाही.

आता जवसाचं खरं

अमेरिकेत 188 बायकांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना रोज जवस घातलेली वडी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनजवसाची. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत साधारण तिसऱ्या हिश्शाच्या बायकांच्या वाफा निम्म्यावर आल्या होत्या. दोन्ही गटांत! म्हणजे 'लाडू खाल्ला आणि बरं वाटलं' हे सांगणारी ग्राहक खोटं बोलत नव्हती, पण श्रेय जवसाचं नव्हतं. हे वाचल्यावर पाकिटावरची ती ओळ ठेवणं आम्हाला जमलं नाही.

मग जवस खायचंच नाही का? खा की! पोट साफ राहतं, कोलेस्टेरॉलला थोडा हातभार लागतो, आणि ज्वारीच्या भाकरीसोबत जवसाची चटणी आपल्या विदर्भाला कुणी शिकवायला नको. रोज एक मोठा चमचा, भाजून दळलेलं. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. पाणी भरपूर प्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

सोयाबीनचंही तसंच. विदर्भात शेतंच्या शेतं सोयाबीनची, पण वाफांसाठी त्याचा पुरावा उलटसुलट आहे. प्रथिनांसाठी मात्र उत्तम. शतावरी आम्ही विकतो, आयुर्वेदात तिचा जुना मान आहे, पण या त्रासावरच्या मोठ्या, भक्कम चाचण्या नाहीत. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या बाईला आम्ही शतावरी देत नाही, तिच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतो. अश्वगंधा थायरॉईडच्या गोळीच्या कामात ढवळाढवळ करू शकते, आणि क्वचित यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. 'झाडपाल्याचं आहे, काही होत नाही' हे वाक्य आमच्या दुकानात बोलायला मनाई आहे.

मग फरक कशाने पडतो?

वजन जास्त असेल तर ते उतरल्यावर वाफा कमी होतात, याला पुरावा आहे. सीबीटी नावाच्या समुपदेशनालाही आहे. त्याने वाफ आली तरी तिचा जाच कमी होतो. चालणं आणि योगासनं यांनी वाफांची संख्या फारशी घटत नाही, पण झोप सुधारते. आणि झोप सुधारली की निम्मं घर सुधारतं, हे आमच्या घरच्यांना विचारा.

तर्री पोहा, सावजी रस्सा, कडक चहा यांनी काहींच्या वाफा भडकतात, काहींच्या अजिबात नाही. सरसकट बंदी घालून जीव कशाला मारायचा? पंधरा दिवस लिहून ठेवा: किती वाजता वाफ आली, आधी काय खाल्लं-प्यायलं, कुणाशी भांडण झालं का. तुमचा गुन्हेगार तुम्हीच पकडाल.

रात्रीसाठी सुती गाऊन, उशाशी माठाचं पाणी, आणि एका जाड रजईऐवजी दोन पातळ पांघरुणं, म्हणजे एक फेकता येतं. कूलरबद्दल मात्र एक सांगायचं आहे. मेच्या कोरड्या हवेत तो वरदान आहे. जूनमध्ये पाऊस लागला की त्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि वाफ जास्त छळते. तेव्हा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा. आणखी एक, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, उन्हातून आल्यावर डोकं ठणकतंय, ताप आहे, बोलणं असंबद्ध होतंय आणि पाच-दहा मिनिटांत ओसरत नाही, तर ती वाफ नव्हे. तो उष्माघात असू शकतो. लगेच दवाखाना गाठा.

हाडं

वाफा जातात, हाडांची झीज मागे राहते. पाळी जाण्याच्या आगेमागे काही वर्षं ती सगळ्यात वेगाने होते आणि दुखत काहीच नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पाळी गेल्यावर दिवसाला साधारण 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आपली ज्वारी इतर बाबतीत गुणी, पण कॅल्शियमला गरीब: 100 ग्रॅमला तीस मिलिग्रॅमच्या आतच. नाचणीत 350 च्या वर. एका नाचणीच्या भाकरीत दीडशेच्या आसपास मिळतं, म्हणून आठवड्यातून तीन-चारदा कोकणातल्यांचं ऐका. कपभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे, शिवाय दही, बिनसोललेले तीळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी. थायरॉईडची गोळी घेत असाल तर कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचं अंतर ठेवा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. इतक्या उन्हाच्या गावातही ते कमी निघतं, कारण आपण उन्हाला तोंड लपवूनच फिरतो.

नुसतं कॅल्शियम पुरत नाही, हाडांवर भार पडावा लागतो. फुटाळा, अंबाझरी किंवा घरामागची गल्ली, आठवड्यात पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत. आणि आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठणं-बसणं.

डॉक्टरांकडे कधी?

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असू शकते. पाळीत रक्त इतकं जोरात जात असेल की तासातासाला पॅड बदलावं लागतं, तर हिमोग्लोबिन तपासा. धडधड, घाम, वजनातला बदल यामागे थायरॉईड असू शकतं, ती रक्ततपासणी एकदा हवीच. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखी लघवीची जळजळ यांवर साधी क्रीम आहेत. लाजेपायी वर्षानुवर्षं हे सोसणाऱ्या पाहून आम्हालाच राग येतो.

या त्रासावर डॉक्टर हार्मोनच्या गोळ्याही देतात. त्यांची भीती 2002 च्या एका अमेरिकी अभ्यासानंतर पसरली. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात असं काही झालेलं नसेल, तर जास्त त्रास असलेल्या बहुतेकींना त्यांचा फायदा धोक्यापेक्षा अधिक असतो, असं आता तज्ज्ञ मानतात. घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांसोबत ठरवा, आमच्या काउंटरवर नाही. खासगीचा खर्च झेपत नसेल तर मेडिकल, मेयो आणि डागा या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहेत.

या पत्रकाच्या मागच्या पानावर पंधरा दिवसांचा कोरा तक्ता छापला आहे. भरलात की तोच डॉक्टरांना दाखवा. दुसरा लागला तर दुकानात फुकट मिळेल. काउंटरवर आमचा मुलगा बसलेला असला तर 'मागचं पान द्या' एवढंच म्हणा, त्याला सांगून ठेवलं आहे.