महाविद्यालयीन फुटबॉल हंगाम (नवी मुंबई)

जून-जुलैतील निवड चाचणीपासून विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपर्यंतचा, महाविद्यालयीन संघांच्या सरावाचा आणि सामन्यांचा काळ. वाशी, नेरुळ, ऐरोली भागातील बहुतेक महाविद्यालये १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्यांचा हंगाम विद्यापीठाच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो.

मुंबई परिसरात फुटबॉल हा पावसाळी खेळ. क्रिकेट थांबते, मैदाने मोकळी होतात. नवी मुंबईत मात्र पावसाबरोबर भरतीचाही हिशेब धरावा लागतो. खाडीलगतच्या सखल जमिनीवर शहर वसवताना सिडको या सरकारी महामंडळाने पावसाचे पाणी साठवण्यासाठी धारण तलाव बांधले. ओहोटीला ते पाणी खाडीत सोडले जाते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की निचरा रेंगाळतो. गोलसमोरची जागा आधीच तुडवून उघडी पडलेली असते, तिथे पाणी साचते. जमिनीलगत दिलेला पास वाटेतच थबकतो, म्हणून बचावपटू चेंडू उंच उडवून लांब मारू लागतात. छोट्या पासवर खेळणाऱ्या संघाची इथे खरी कसोटी लागते. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर पाणी साचत नाही, पण तिथला पाच-पाचचा खेळ अकरा जणांच्या सामन्याची तयारी करून देत नाही. पूर्ण मैदान साधारण १०५ मीटर लांब असते. त्यावर ९० मिनिटे धावण्याचा दम त्याच मैदानावर कमवावा लागतो.

सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या असतात. हरला तो बाहेर. दोन महिने पहाटे सराव केलेल्या संघाचा हंगाम एका दुपारी, कधी पेनल्टी शूटआउटमध्येच संपतो. विद्यार्थी-खेळाडूंवर हा अन्याय आहे. प्रत्येक संघाला निदान तीन सामने देणारी साखळी फेरी हवी. त्यातच अंतर्गत परीक्षा, प्रात्यक्षिके आणि एटीकेटीचे (राहिलेल्या विषयांचे) पेपर येतात. नियमानुसार संघात किमान ७ खेळाडू असल्याशिवाय सामना सुरू होत नाही, त्यामुळे सामन्याच्या सकाळी कोण कोण येणार याची फोनाफोनी करणे हे कर्णधाराचे कामच होऊन बसते.

चांगल्या खेळाडूंची विद्यापीठ संघाच्या चाचणीसाठी निवड होते. विद्यापीठ संघ भारतीय विश्वविद्यालय संघ या देशातील विद्यापीठांच्या संघटनेच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. तिथे महाराष्ट्राबरोबर गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील विद्यापीठेही असतात. विभागातील आघाडीचे संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पोहोचतात. आपल्या महाविद्यालयाचा संघ पहिल्याच फेरीत हरला, तरी एखादा गोलरक्षक इथवर मजल मारू शकतो.

शहराच्या फुटबॉल ओळखीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचा वाटा मोठा आहे. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा एक उपांत्य सामना आणि २०२२ साली आशियाई महिला चषक व सतरा वर्षांखालील महिला विश्वचषक या दोन्हींचे अंतिम सामने तिथे झाले. आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले, तेही मध्यंतराला ०-२ने मागे असताना. महिला फुटबॉलचा इतका मोठा सामना ज्या शहरात झाला, तिथे प्रत्येक महाविद्यालयाने मुलींचा संघ उतरवायला हवा; त्यासाठी मुलांच्या सरावानंतर उरलेला वेळ नव्हे, तर मैदानाची स्वतंत्र वेळ आणि प्रशिक्षक लागतात.