कोंबडीच्या पिल्लांना नवे खाद्य व खुराडे यांची सवय लावणे

अंड्यातून बाहेर पडल्यापासून परसात मोकळे हिंडू लागेपर्यंतच्या सहा ते आठ आठवड्यांत कोंबडीच्या पिल्लाला दाणापाणी, ऊब आणि रात्रीचा निवारा यांची टप्प्याटप्प्याने ओळख करून देण्याची पद्धत. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ही ओळख त्यांची आईच करून देते. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लांना आई नसते, त्यामुळे ते सगळे काम पाळणाऱ्यावर येते. महाराष्ट्रात गिरिराज, वनराज, कडकनाथ या कोंबड्यांची एक दिवसाची किंवा तीन-चार आठवड्यांची पिल्ले घरोघरी नेली जातात, आणि बहुतेक घरांत ती सांभाळण्याचे काम बायकांकडे असते. पिल्ले सर्वांत जास्त दगावतात ती याच काळात, म्हणून ही वरवर साधी दिसणारी कामे जपून करावी लागतात.

आईची शिकवण. पिल्लू 21 दिवसांनी अंडे फोडून बाहेर येते तेव्हा अंड्यातला उरलेला बलक त्याच्या पोटात असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून लांबच्या गावी पाठवता येतात ती यामुळेच. टोचणे त्याला जन्मतःच येते. इंग्लंडमधील जीवशास्त्रज्ञ डग्लस स्पॉल्डिंग यांनी अंड्यातून निघतानाच पिल्लांच्या डोळ्यांवर टोप्या चढवून, काही दिवसांनी त्या काढून पाहिल्या. पिल्ले थोड्याच वेळात हलत्या किड्यावर नजर धरून नेमकी चोच मारू लागली. हे प्रयोग 1873 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र काय टोचावे आणि काय टाळावे, हे पिल्लाला शिकावे लागते. नवजात पिल्लू चमकणारा खडा टोचते, कागदावरचा ठिपका टोचते, भावंडाच्या पंजाचे बोटही टोचते. पोटातला बलक पुरत असतो तोवर चोचीत आलेली वस्तू आणि शमलेली भूक यांचा मेळ त्याला लागत नाही. तो साधारण तिसऱ्या दिवसापासून लागू लागतो.

गावठी कोंबडी पिल्लांना घेऊन उकिरड्यावर जाते तेव्हा जवळ बसून पाहावे. दोन पायांनी माती उकरून ती एक पाऊल मागे सरते, वाळवीचा किडा चोचीत धरते, खाली टाकते, पुन्हा उचलते आणि पुन्हा टाकते. सोबत घशातून भराभर कुटकुट आवाज काढत राहते. पिल्ले धावत येतात. पहिले पिल्लू किडा पळवते आणि बाकीची त्याच्यामागे लागतात. हा पाठ दिवसभर चालतो. घार दिसली की आवाज बदलतो आणि पिल्ले पंखाखाली किंवा कुंपणाच्या बुडाशी दडतात. अधिक अंडी देणाऱ्या व्यापारी जातींमधून खुडूक बसण्याची प्रवृत्ती निवड करकरून जवळजवळ काढून टाकलेली आहे. त्यामुळे देशी खुडूक कोंबडी हाताशी असेल, तर आठ-दहा पिल्ले वाढवायला तिच्याहून चांगली सोय नाही.

ऊब. आईच्या जागी ब्रूडर येतो. पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या गोल कड्यात (चिकगार्ड) भाताचे तूस दोन-तीन इंच पसरून त्यावर बल्ब टांगतात. गोल कडे अशासाठी की कोपऱ्यात गर्दी होऊन पिल्ले चेंगरत नाहीत. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 35° से.च्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी ती कमी करतात. तापमापी असावाच, पण पिल्लांची वागणूक अधिक खरे सांगते. बल्बखाली एकावर एक चढून चिवचिवत असतील तर थंडी आहे. कड्याला चिकटून, पंख सैल सोडून धापत असतील तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर कुठून तरी वारा लागतो आहे. सगळीकडे सारखी पांगून खात-झोपत असतील तर सगळे ठीक आहे. गारठलेले पिल्लू खात नाही, म्हणून खाद्याआधी उबेची व्यवस्था पाहावी.

पहिले पाणी, पहिला दाणा. पिल्ले घरी आली की आधी पाणी, तेही कोमट आणि थोडा गूळ घातलेले. दोन-चार पिल्लांची चोच हलकेच पाण्याला टेकवली की ती मान वर करून घोट गिळतात आणि बाकीची त्यांचे पाहून शिकतात. भांडे उथळ असावे, किंवा त्यात गोटे टाकावेत. नाहीतर पिल्ले भिजतात, गारठतात, बुडतातही. एक-दोन तासांनी तुसावर कागद अंथरून मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाच्या कण्या पसरतात. कागदावर बोटाने टकटक केले की पिल्ले जमा होऊन तिथे टोचू लागतात, कारण आईची चोच जमिनीवर आपटते तेव्हाही असाच आवाज होतो. कागद तुसाचे खाणेही टाळतो. तो रोज बदलावा आणि तीन-चार दिवसांनी खाद्यभांडे रुळले की काढून टाकावा. रात्री प्रत्येक पिल्लाच्या गळ्याखालची अन्नाची थैली बोटांनी चाचपावी. मऊ व भरलेली असेल तर पिल्लू खाते-पिते आहे, रिकामी असेल तर ते मागे पडले आहे आणि नुसती टणक असेल तर पाणी कमी पडते आहे.

पहिल्या दिवशी भरडा चालतो, पण त्यावर पिल्लू वाढत नाही. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर (लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य) द्यावे. त्यात सुमारे 20 टक्के प्रथिने असतात. घरात उरलेला भात आणि कण्या यांवरच पिल्ले वाढवण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. तशी पिल्ले जगली तरी खुरटी राहतात आणि पिसे उशिरा भरतात. वाळवी, शेवग्याचा पाला, अझोला (पाण्यावर वाढणारे बारीक शेवाळासारखे नेचे) ही प्रथिनांची चांगली घरगुती साधने आहेत, पण ती स्टार्टरच्या जोडीला द्यावीत.

नवे खाद्य. कोंबड्यांच्या जिभेवर चवीच्या कळ्या फार थोड्या असतात; खाद्य त्या रंग, आकार आणि चोचीला होणारा स्पर्श यांवरून ओळखतात. त्यामुळे पिठासारख्या खाद्यावरून एकदम अख्ख्या दाण्यावर नेले तर पिल्ले भांड्याभोवती फिरतात आणि उपाशी राहतात. बदल पाच-सात दिवसांत पसरावा: सुरुवातीला तीन भाग जुने, एक भाग नवे, मग निम्मे-निम्मे. पाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बारीक चिरून, चिमूटभर द्यावा. मेथी, कोथिंबीर, लसूणघास यांची जुडी बांधून टांगली तर पिल्ले उड्या मारून ती तोडतात आणि एकमेकांना टोचण्याची खोडही त्यामुळे कमी होते. पाला किंवा दाणा सुरू केला की स्वच्छ जाडसर वाळू एका वाटीत ठेवावी. कोंबडीला दात नसतात; पेट्यातल्या (पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीतल्या) खड्यांवर अन्न दळले जाते.

बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड पिल्लांना कधीही घालू नये. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष यकृत खराब करते आणि लहान पिल्ले त्याला लवकर बळी पडतात. पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेले पोते आतून बुरशी धरते, म्हणून हात घालून वास घेतल्याशिवाय खाद्य काढू नये. कच्ची कडधान्ये, खारट उरलेसुरले आणि हिरवे पडलेले बटाटेही टाळावेत.

खुराड्यात नेणे. पाच-सहा आठवड्यांत अंगावर पुरी पिसे येतात आणि बल्बची गरज सरते. वनराजसारख्या कोंबड्यांनाही साधारण सहा आठवडे आत वाढवूनच मोकळे सोडण्याची शिफारस आहे. थंडीच्या दिवसांत नाशिक-नगरकडे आठवडाभर उशीर केलेला बरा. खुराडे जमिनीपासून उंच, वरून हवा खेळणारे आणि बारीक जाळीचे असावे. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस आणि साप आत शिरतात. नेण्याच्या दिवशी ओळखीची खाद्यभांडी आणि ब्रूडरमधले थोडे कोरडे तूस आत टाकावे, खाद्य मात्र तेच ठेवावे. जागा आणि खाद्य एकाच आठवड्यात बदलणे ही सर्रास होणारी चूक आहे. मग पिल्लू मलूल झाले तर कारण हाती लागत नाही. लसीच्या दिवशीही काही बदलू नये. राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी आणि गंबोरो या पिल्लांच्या विषाणुजन्य रोगाची चौदाव्या दिवसाच्या सुमारास देतात.

कोंबड्यांना अंधारात फारसे दिसत नाही, म्हणून संध्याकाळी उशिरा हलवलेली पिल्ले गडबड न करता बसतात. तरी पहिल्या रात्री ती दांडीवर न चढता कोपऱ्यात ढीग करतात. कंदील किंवा मंद दिवा घेऊन जावे आणि एकेक उचलून पसरून बसवावे. चार-पाच रात्री हे केले की ती आपसूक दांडी धरतात. पहिले पाच-सात दिवस खुराडे उघडूच नये. त्यानंतर मावळतीच्या तासभर आधी सोडावे, म्हणजे ती फार दूर जात नाहीत आणि उजेड कमी होताच परततात. आत मूठभर दाणा टाकून रोज एकच हाक मारावी. हा वेळ हळूहळू वाढवत दिवसभरावर न्यावा.

याच वयात, विशेषतः ओल धरलेल्या तुसावर, रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) येते. विष्ठेत रक्त, पिसे फुगवून उभे राहणे ही तिची लक्षणे. तूस रोज हलवून कोरडे ठेवावे, पाण्याच्या भांड्याभोवतीचे भिजलेले तूस लगेच काढावे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध द्यावे.

मोठ्या कोंबड्यांत मिसळताना आधी आठवडाभर मध्ये जाळी ठेवावी, म्हणजे दोन्हीकडच्यांना एकमेकांची सवय होते आणि टोचाटोची कमी होते. बाहेरून आणलेली तलंग (अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी) असेल तर रोगाच्या भीतीने तिला दोन-तीन आठवडे वेगळेच ठेवतात. खाद्यभांडीही निराळी हवीत, कारण अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते. वाढत्या पिल्लाला जेमतेम एक टक्का पुरते आणि जादा कॅल्शियमने त्याची मूत्रपिंडे बिघडतात. लहान पिल्ले शिरतील पण मोठी कोंबडी शिरणार नाही, एवढ्याच फटीचे बांबूचे डालगे पालथे घालून त्याखाली त्यांचे खाद्य ठेवले की हा प्रश्न सुटतो.